चालू गाडीचं टर्मिनल

देवमनची व्हॅन आमच्या दुकानासमोर बंद पडली तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता आणि मागच्या सीटवर पुंजाजी आडवा पडला होता. सकाळपासून कपाशीवर विषारी औषधाची फवारणी करत होता, तीही तोंडाला साधा रुमाल न बांधता. आता तोंडातून लाळ येत होती आणि सदरा घामानं चिंब झाला होता. मूर्तिजापूरच्या डॉक्टरांनी इंजेक्शनं देऊन अकोल्याची चिठ्ठी दिली होती, आणि तासाभरात पोचवा म्हणून बजावलं होतं. पुंजाजीची बायको जमुना त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

"नगमाताई, सेल्फच घेऊन नाई रायली," देवमन म्हणाला. "दुसरी बॅटरी टाकून द्या, आमी निघतो."

"टाकतो," मी म्हणाले. "पन पहिली कावून उतरली ते पाहू द्या. नाईतर गाडी मधातच मरन."

शब्द तोंडून गेला आणि जमुनानं माझ्याकडे पाहिलं. माझी जीभ ही अशीच आहे. मी खाली मान घालून बॉनेटात शिरले.

दोष दोन मिनिटांत सापडला. बॅटरी भरणाऱ्या अल्टरनेटरचा पट्टा ढिला होता. इंजिन फिरलं की पट्टा नुसता घसरायचा, त्यामुळे बॅटरी भरतच नव्हती. पट्टा ताणला, चार्जरवरची बॅटरी बसवली. तीही अर्धवटच भरलेली, कारण त्या वर्षांत दिवसाला बारा-बारा तास विजेची लाइन नसायची. पण गाडी सुरू झाली. मीटर लावला तर चौदा पॉइंट एक. चौदाच्या वर आकडा म्हणजे गाडी स्वतःची वीज स्वतः करते आहे. मी पाने-पकडी गोळा करायला लागले.

तेवढ्यात अब्बा नमाज पढून आले.

अब्बांची, म्हणजे रहमतुल्ला मिस्तरींची, परीक्षा सगळ्या तालुक्यात प्रसिद्ध होती. चालू गाडीच्या बॅटरीचं टर्मिनल ते उपटून काढायचे. इंजिन चालू राहिलं तर डायनामो, म्हणजे अल्टरनेटर, पास, बंद पडलं तर नापास. जुन्या गाड्यांना ते चालून जायचं. नव्या गाड्यांत बॅटरी अशी अचानक काढली की विजेला जायला जागा राहत नाही आणि अल्टरनेटर आतल्या आत जळतो. हे मी अमरावतीच्या आयटीआयमध्ये शिकले होते आणि अब्बांना निदान दहा वेळा सांगून झालं होतं. ते माझ्या मीटरला खेळणं म्हणायचे.

"अब्बा, हात नका लावू. चौदा दाखवून रायला."

"पेशंटची गाडी हाये, बेटी. सोता पायल्याबिगर मी नाई सोडनार."

आणि त्यांनी टर्मिनल उपटलं. गाडीतला दिवा एकदम पांढराफटक पेटला. इंजिन एकदा अडखळलं, पण चालू राहिलं. अब्बांनी टर्मिनल परत दाबलं, ठिणग्या उडाल्या. "पाहा देवमनभाऊ, फस्टक्लास! निघा बिनधास्त."

देवमननं हात जोडले. मी मीटर लावला. बारा पॉइंट दोन.

"रेस द्या."

त्यानं रेस दिली. बारा पॉइंट एक. अल्टरनेटर वीज करतच नव्हता. चांगली झालेली गाडी आमच्या दारात, आमच्या हातानं मेली होती.

गिऱ्हाइकासमोर घरची उर्दू बोलायची नाही, हा अब्बांचा नियम. लपवाछपवी केल्यासारखं दिसतं म्हणून. त्या दिवशी मात्र अब्बाच कानाशी येऊन हळूच म्हणाले, "घर में बोलेंगे, बेटी. अभी जाने दे."

जाऊ दे? पंचेचाळीस किलोमीटर आणि अर्धी बॅटरी!

"देवमनभाऊ, थांबा," मी वऱ्हाडीत आणि मोठ्यानं म्हणाले. "डायनामो जळला. आत्ताच जळला. अब्बाच्या हातानं."

रस्त्यावरची चार माणसं वळून पाहायला लागली. अब्बांचा चेहरा असा झाला की मला तिथून पळून जावंसं वाटलं. पण वेळ कुठे होता? जळका अल्टरनेटर उलट बॅटरीच पिऊ लागतो, म्हणून त्याची जाड वायर सोडून टेप गुंडाळला. चार्जरवरची दुसरी बॅटरी उचलून व्हॅनमध्ये ठेवली. जोडायच्या वायरी शोधायला लागले तर त्या अब्बांच्या हातात होत्या. त्यांनी त्या पुढे केल्या.

दोन्ही बॅटऱ्या एकमेकींना जोडल्या आणि मीटर मांडीवर घेऊन मी देवमनच्या शेजारी बसले.

"हॉर्न नाई, पंखा नाई, ब्रेक लागन तेवढाच, त्याचा दिवा बॅटरी खातो," मी देवमनला सांगितलं. "अन् काई झालं तरी गाडी बंद नाई करायची."

बारा पॉइंट शून्य. मागे पुंजाजीचा श्वास घरघरत होता आणि जमुना त्याला नावानं हाका मारत होती. बोरगावच्या अलीकडे शेळ्यांचा कळप आडवा आला. देवमनचा हात हॉर्नकडे गेला, मी तो धरला. जमुनानं खिडकीतून डोकं काढून असा आवाज दिला की शेळीवाल्यानं दचकून कळप बाजूला घेतला. अकरा पॉइंट सहा. अकरा पॉइंट दोन. शहराच्या तोंडाशी इंजिन गचके खायला लागलं. मी अल्लाचं नाव घेत होते आणि देवमन गजाननबाबांचं. दवाखान्याच्या फाटकात शिरता शिरता गाडी बंद पडली. उरलेला उतार आम्ही ढकलत नेला.

संध्याकाळच्या एसटीनं मी परत आले. अब्बा दुकानाच्या पायरीवर बसले होते.

"पोचला?"

"पोचला. डॉक्टर म्हने, जीव वाचन."

चार लोकांत बापाला मान खाली घालायला लावली म्हणून ते रागावतील, याची मी तयारी करून आले होते. माझीही उत्तरं जिभेवर होती. पण ते रागावले नाहीत.

"चाळीस वर्सं झाली," ते म्हणाले. "रोज दोन-चार गाड्या तरी पास करून सोडल्या. त्यातल्या कितीक जळून माह्याकडंच परत आल्या, मीच दुरुस्त केल्या."

"हो."

"अन् ज्या परत नाई आल्या? त्याच्यात कोन बसलं होतं?"

"जुन्या गाड्याइचा डायनामो असा नव्हता जळत, अब्बा," मी म्हणाले. ते खरंही होतं.

"मी जुन्या गाड्याइचं नाई इचारून रायलो, बेटी."