कागदातलं आडनाव

मनिलाहून गोऱ्या सरकारने आडनावांचं जाडजूड पुस्तक धाडलं आणि त्यातलं 'र'चं पान नेमकं आमच्या गावाच्या वाट्याला आलं. रविवारच्या प्रार्थनेनंतर पाद्रीबाबाने पानावर बोट फिरवत आडनावं वाटली. रागासा, राबागो, राबानाल. घरटी एक, आवडो न आवडो. जुनं आडनाव तोंडातून निघालं तर आठ दिवस कोठडी. दुमायागांचे एका दुपारीत राबानेस झाले.

दुमायागांच्या सुनेने, बिबियानाने, चर्चच्या पायऱ्यांवरच नाक मुरडलं. "सरकारला माझ्या सासऱ्याचं नाव झेपलं नाही वाटतं!"

तिची सहा वर्षांची लुसिया मात्र हरखून गेली. चर्चचा घंटेवाला पोरांना नवी अक्षरं शिकवायचा आणि रोज हजेरी घ्यायचा. "लुसिया राबानेस?" म्हटलं की ही टाचा उंचावून ओरडायची, "हजर!" घरी आली की कोळशाने बांबूच्या भिंतीवर तेच नाव गिरवायची. बिबियाना ओल्या फडक्याने पुसायची, लेक पुन्हा लिहायची.

त्याच भिंतीत सासूची बांबूची नळी खोचलेली होती. सासूचं नावही लुसियाच. नातीला तिचंच ठेवलं होतं. एक पाय ओढत चालणारी, जिभेची तिखट बाई. तिला जुनी अक्षरं यायची. सुरीच्या टोकाने ती बांबूवर खालून वर कोरत जायची. गावात दुसऱ्या कुणाला ती वाचता येत नव्हती आणि तिने कुणाला शिकवलीही नाहीत. गेल्या पावसाळ्यात धोंड्यावर कपडे धुताना नदीने तिला ओढून नेलं. प्रेत सापडलंच नाही.

मंगळवारी त्याच धोंड्यावरून लुसिया घसरून पाण्यात गेली. बिबियानाने केसांना धरून तिला बाहेर ओढलं. पोर रडली नाही की खोकली नाही. माणूस फार भ्यालं की त्याचा जीव तिथेच रेंगाळतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. म्हणून निघताना पूर्ण नावाने हाक मारायची, मागे राहू नकोस म्हणून सांगायचं आणि मगच पाऊल उचलायचं. पण काठावर कोतवाल उभा होता. जुनं नाव घ्यावं तर कोठडी, नवं घ्यायला जीभ वळेना. बिबियाना हाक न मारताच पोरीला उचलून घरी आली.

तीन दिवस लुसिया चटईवर बसून होती. तोंडात भाताचा घास घातला तर गिळायची. डोळ्यांसमोर हात हलवला तरी पापणी लवत नव्हती. नवरा दूर तंबाखूच्या मळ्यावर. बिबियानाच्या तोंडचं पाणी पळालं. शुक्रवारी दुपारी तिने जाणत्या इस्काआजीला बोलावून आणलं.

आजीने पोरीचं मनगट धरलं आणि लगेच सोडलं. "हिच्यात कुणी नाही गं. घर उघडं टाकलंय. हाक मारली होतीस ना?"

"नाही."

"शहाणीच आहेस! कोतवालाला भ्यालीस?"

"त्याला कोण भितंय! त्या नव्या नावाची चीड आली, आजी."

"मग आता जा आणि जुन्या नावाने बोलाव. कागदातलं आडनाव जिवाला काय कळतंय? उजेड आहे तोवर जा. पोर आजची रात्र काढायची नाही."

ऊन कललं होतं. काठावर चिटपाखरू नव्हतं. बिबियानाने लेकीचा सदरा तीनदा धोंड्यावर आपटला. "लुसिया दुमायाग! चल गं, घरी चल, मागे राहू नकोस!"

पाणी हललं नाही, पण सदरा जड झाला. कोरडा होता, तरी दोन्ही हातांनी पेलावा लागला. बिबियानाला आनंदाने रडूच फुटलं. वाटेत मागे बघायचं नसतं, म्हणून तिने बघितलं नाही. मागून पावलं मात्र ऐकू येत होती. तिची पोर उड्या मारत चालायची. ही पावलं सावकाश येत होती, एक पाय घासत. दमली असेल, बिबियाना मनाशी म्हणाली.

खांबांवरच्या घराच्या शिडीपाशी थांबून तिने विचारलं, "आली का?"

"आली," आतून इस्काआजीने रीतीप्रमाणे उत्तर दिलं.

सदरा अंगावर टाकताच पोरीने डोळे मिचकावले. बिबियानाने तिला छातीशी कवटाळलं, मुके घेतले. पोरीने तिला हाताने बाजूला सारलं आणि कोपऱ्यातल्या मागाकडे पाहिलं.

"कापड विणतेस की मासळीचं जाळं?"

सात वर्षं रोज सकाळी हेच ऐकून बिबियानाचे कान किटले होते. इस्काआजी छातीवर क्रूस काढत पाठमोरीच शिडी उतरली आणि तडक निघून गेली.

पोरगी उठली. एक पाय ओढत भिंतीपाशी गेली, नळी उपसली, सुरी घेतली आणि खालून वर कोरायला लागली. तिच्या डोक्यावर, भिंतीवर, कोळशाचं नाव होतं. या वेळी पुसायचं राहून गेलेलं.

बिबियाना त्याकडे बघत राहिली. लेकीने ते नाव रोज लिहिलं होतं, टाचा उंचावून त्याला ओ दिली होती. आणि आपण नदीवर जाऊन भलत्याच लुसियाला बोलावलं. ती धडपडत शिडीपाशी आली आणि नदीच्या दिशेने घसा फोडून ओरडली, "लुसिया राबानेस!"

झाडांपलीकडून, लांबून, बारीक आवाज आला. "हजर!"

"चल गं माझे आई, मागे राहू नकोस! लुसिया राबानेस!"

"हजर!" आता जवळून. अंगणातल्या वाळूवर कुणीतरी उड्या मारत येत होतं, दिसत मात्र कुणी नव्हतं.

मागे सुरी थांबली.

"कोण आलंय गं?" सासूने विचारलं.