बदलीच्या यादीतले नाव

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. रंगांच्या कारखान्यात, काचेच्या खोलीत, एका डुगडुगत्या टेबलावर बसतो. टाक्यांचा दाब आणि उष्णता यांवर माझी नजर असते. कोणाला कोणती झडप फिरवता येईल, हेही मीच ठरवतो; यादीत नाव असेल त्याने मोबाइलवरून हुकूम दिला तरी मी झडप फिरवतो. आता माझ्यावर चहाचे कप ठेवतात, पण पूर्वी माझा थाट होता.

मला कामाला लावले मास्तरांनी. ते पाळीचे प्रमुख होते आणि सगळ्यांना शिकवायचे, म्हणून मास्तर. रोज आपल्या रुमालाने माझी धूळ पुसत. कोणी आजारी पडले, कोणाच्या घरी लग्न निघाले, की मास्तर त्याच्या जागी उभे राहत. त्यामुळे त्यांचे नाव माझ्याकडे दोन याद्यांत होते. एक नेमणुकीची, दुसरी बदलीवर येणाऱ्यांची.

मग नवे साहेब आले. तीन नंबरच्या टाकीची तक्रार मास्तरांनी तीनदा केली, तेव्हा साहेबांनी त्यांना चारचौघांत हाकलून दिले. माझी देखभाल करणाऱ्या अभियंत्याने नेमणुकीच्या यादीतून त्यांचे नाव पुसले आणि हात झटकले. दुसरी यादी त्याने उघडलीच नाही. विचारले असते तर सांगितले असते, पण आपणहून बोलण्याची मला सवय नाही.

आठवड्याभरात मास्तरांचा फोन आला. अभियंत्याने तो मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला.

"अहो, माझ्या मोबाइलवर अजून सगळं उघडतंय. नाव नीट काढा."

"मास्तर, नोकरी गेली, आता तरी कारखान्याचा नाद सोडा की!"

खोली खो खो हसली. मास्तरांनी फोन ठेवला.

त्यांचा जावई तीन नंबरवरच कामाला होता. एका दुपारी तो टाकीखाली बसून नळ दुरुस्त करत असताना दाब चढू लागला. मी घंटा वाजवली, पण तिची कटकट नको म्हणून साहेबांनी आवाज बंद करून ठेवला होता. सगळे जेवायला गेले होते. मास्तरांनी मोबाइलवर दाब पाहिला असणार; टेबलावरचा फोन वाजून वाजून थांबला. पाठोपाठ मास्तरांचा हुकूम आला, वाफेची झडप बंद करा. मी याद्या पाहिल्या, नाव सापडले, झडप बंद केली. जावई वाचला. टाकीतला माल मात्र थिजून वाया गेला.

साहेबांना कोणावर तरी खापर फोडायचे होते. मी वेळ आणि नाव इमानाने छापून दिले. दाबाचे आकडेही होते, ते कोणी मागितले नाहीत. जावयाला बोलावले.

"तुझे सासरे सूड घेतील असं वाटत होतं का?"

तो खाली मान घालून म्हणाला, "त्यांच्या मनात राग होता, साहेब."

त्याची नोकरी टिकली. मास्तरांना तुरुंगात टाकले. मला फार वाईट वाटले, पण ते छापायची सोय माझ्यात नाही.

मित्रांनो, कोणाला निरोप द्याल तेव्हा त्याच्याकडच्या सगळ्या किल्ल्या मागून घ्या. एक यादी पुसून थांबू नका. इथे ते अजून कोणी केलेले नाही. बदलीच्या यादीत मास्तरांचे नाव आजही पहिले आहे, आणि घंटा अजून बंदच आहे. आज तीन नंबरचा दाब पुन्हा चढतो आहे. जावई खाली काम करतो आहे, आणि मी मास्तरांच्या हुकमाची वाट पाहतो आहे.