कर लागला तेव्हा

घराला लागूनच आमची काचेची भट्टी होती. पाणी प्यायचे साधे, जाड बुडाचे पेले तिथे व्हायचे. भट्टी अहोरात्र पेटती ठेवावी लागे. एकदा थंड पडली की काच वितळवायचं भांडं तडकतं, विटा सुटतात, आणि ती नव्याने उभारायची आमची ऐपत नव्हती.

मग बाजारात परदेशी पेले आले. पातळ, चकचकीत, आणि आमच्या कच्च्या मालाच्या भावात. मागणी आटली, कारागीर पांगले. राहिले ते गालोबा. फुंकणी फुंकून गाल सैल पडलेले, म्हणून हे नाव. तेही त्यालाच ओ देत.

साऱ्या काचवाल्यांनी मिळून सरकारकडे अर्ज केला होता. बाहेरचा माल असा लोंढ्याने येऊ लागला तर आम्ही बुडू, काही वर्षं तरी त्यावर जादा कर लावा. चौकशी रेंगाळली. तोवर भट्टी जगवायची म्हणून पेले न करता नुसतं तेल जाळायचं. आधी ह्यांची मोटारसायकल त्यात गेली, मग माझं शिवणयंत्र.

"वहिनी, एवढं पोराला खाऊ घातलं असतं तर पैलवान झाला असता," गालोबा म्हणायचे.

"आणि रात्री झोपला तरी असता," मी म्हणे.

शेवटी निकाल आमच्या बाजूने लागला. कर पुढच्या हंगामापासून लागू होणार होता. त्या दिवशी हे दुपारी गेले ते संध्याकाळीच परतले, घामाघूम आणि हसत.

"अहो, होतात कुठे?"

"सगळी दुकानं पालथी घातली! एकेकाला सांगितलं, आता परदेशी पेला महागणार, या मुकाट्याने माझ्या दारात."

"नाक खाली झालं असेल एकेकाचं," गालोबा म्हणाले. आम्ही तिघं पोट दुखेस्तोवर हसलो. आमच्या कुणाच्याच मनात दुसरा विचार आला नाही.

कर लागला. ऑर्डर मात्र एकही आली नाही. वाट पाहून आम्ही दोघं आमच्या सर्वांत जुन्या गिऱ्हाइकाकडे गेलो. त्यांनी आग्रहाने बसवलं, चहा मागवला.

"तुमचे उपकार झाले बघा," ते ह्यांना म्हणाले. "तुम्ही वेळेत सांगितलंत म्हणून कर लागायच्या आत परदेशी माल भरून घेतला. सगळ्यांनीच घेतला."

त्यांनी कौतुकाने गोदामाचं दार उघडून दाखवलं. खोकी छतापर्यंत रचलेली होती. ते खरंच आभार मानत होते. ह्यांनी चहा संपवला आणि कपाचा कान धरून तसेच बसून राहिले. शेवटी मीच म्हटलं, "चला, निघू या."

घरी येऊन त्यांनी तेलाची तोटी स्वतःच्या हाताने बंद केली.

"मालक, थोडं थांबू की अजून," गालोबा म्हणाले.

"कशाच्या जिवावर, गालोबा?"

दुसऱ्या दिवशी आम्ही जेवत असताना भट्टीतलं भांडं तडकलं. ह्यांनी घास खाली ठेवला नाही, पण तो तोंडातही गेला नाही.

पुढे कितीतरी वर्षं, मध्येच पेपर बाजूला सारून ते विचारत, "मी सांगायला नको होतं का गं?"

"आनंद झाला होता तुम्हाला," मी म्हणायची. "माणूस सांगणारच."

ते मान हलवायचे. आणि थोड्या वेळाने पुन्हा विचारायचे.