वंगणाचा डबा आणि तुपाची वाटी

मी एक जुनी मोटार आहे. माझा जन्म सातासमुद्रापलीकडचा. बोटीने मुंबईला आले आणि उमेदीची सगळी वर्षं यवतमाळच्या एका कापसाच्या जिनवाल्या शेठजींच्या दारात काढली. त्यांनी नवी गाडी घेतली, तेव्हा मी अडगळीत गेले. तिथून १९५८ साली मला अमरसिंगने उचललं. त्याचा बंजारा तांडा बोरी अरबच्या जवळ. त्याचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर फिरायचे. त्याच्या दारात मोटार आली म्हणून सारा तांडा पाहायला लोटला. त्याच्या बायकोने, भुरीबाईने, मला कुंकू लावलं. मित्रांनो, मला वाटलं, आता या दारात माझंच राज्य.

राज्य कसलं! तिथे आधीपासून दोन महाराज बसले होते. हिऱ्या आणि पवळ्या, अमरसिंगचे बैल. बाजाराच्या दिवशी दारव्ह्यापर्यंत माणसं वाहायची मी, आजारी माणसाला डॉक्टरकडे न्यायची मी, आणि सकाळी उठून अमरसिंग हात फिरवणार यांच्या पाठीवर. त्यांच्याशी तो आपल्या बंजारा गोरबोलीत किती वेळ बोलायचा! माझ्याशी एक शब्द नाही. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

मग एके दिवशी माझ्या इंजिनातून तेलाचा थेंब जमिनीवर पडला. अमरसिंग ओणवा होऊन माझ्याखाली पाहू लागला, आणि खूश झाला.

"वंगण भाईर आलं म्हंजे चाक सुखात हाय," तो भुरीबाईला म्हणाला.

बैलगाडीच्या आसाला हे खरंच आहे. वंगण ओघळलं की चाक कुरकुरत नाही. पण मी का बैलगाडी आहे? तो मात्र रोज सकाळी डोकावून थेंब पाहायचा आणि वरून आणखी तेल ओतायचा. भुरीबाईने खाली एक डबा ठेवला. त्या डब्यातलं तेल कुठे जायचं, ठाऊक आहे? बैलगाडीच्या आसाला! गळायचं मी आणि सुखाने चालायचं त्या दोघांनी. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मला पाय नाहीत, तरी गेली.

पोळा जवळ आला होता. बाजाराची माणसं घेऊन निघाले, तर वाटेतच मी भकाभका धूर सोडला आणि बंद पडले. माणसं उतरून पायी गेली. मला ओढून आणायला कोण यावं? हिऱ्या आणि पवळ्या. साऱ्या तांड्यादेखत त्यांनी मला दोराने ओढत दारात आणलं. पवळ्या तर वळूनवळून पाहत होता.

"पोळा झाला का इले भंगारात देतो," अमरसिंग म्हणाला.

भंगारात गेलेली गाडी परत येत नाही, मित्रांनो.

भुरीबाईला ते पटलं नाही. "बैल आजारी पडला तर तू खाटकाले देतं काय? आधी मिस्त्रीले दाखव," ती म्हणाली.

पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदशेकणीच्या सकाळी, दारव्ह्याहून उकंडा मिस्त्री आला. त्याने रॉकेलच्या चिंधीने माझं पोट लख्ख पुसलं, त्यावर चुन्याची भुकटी मारली, तेलकट झालेले प्लग साफ केले आणि मला सुरू केलं. पांढऱ्या भुकटीवर एक काळी रेघ उतरू लागली. रेघेचा उगम इंजिनाच्या तळाशी, तेलाच्या भांड्याच्या मागच्या कोपऱ्यात होता. पॅकिंग सुटलं होतं. मग मला बंद करून तो थोडा वेळ थांबला आणि तेल मोजायची काडी ओढून पाहिली. खुणेच्या कितीतरी वर तेल.

"इतकं तेल काहून भरलं जी?"

"गळत व्हतं. म्हटलं, ज्यादा असलं तर बरं."

"हा बैलगाडीचा आस नोहे, अमरसिंगभाऊ. पोट भरल्यावर कोंबलं तर भाईरच येईन, नाहीतर जळून धूर होईन."

त्याने तेल काढलं, नवं पॅकिंग बसवलं आणि खुणेपुरतंच तेल भरलं. पुन्हा चुना मारला, पुन्हा सुरू केलं. भुकटी कोरडीच राहिली. भंगाराचं नाव निघालं नाही.

संध्याकाळी बैलांचे खांदे तूप-हळदीने चोळले. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," असं आग्रहाचं बोलावणंही झालं. मी जळत उभी होते. तेवढ्यात भुरीबाई वाटी घेऊन माझ्याकडे वळली आणि उरलेलं तूप तिने माझ्या नाकाडावर चोळलं. "इचाबी खांदा दुखत असन," ती म्हणाली. त्या रात्री मी पवळ्याचा सुद्धा राग केला नाही.

त्याला वर्ष झालं. थेंब पडत नाही, म्हणून डबा उचलला गेला. अमरसिंग आता माझ्याखाली वाकून पाहत नाही. तेल बरोबर, चाल बरोबर, मग पाहायचं कशाला? सकाळी तो सरळ गोठ्यात जातो. मित्रांनो, तुमच्याही घरात कुणीतरी न गळता, न कुरकुरता राबत असेल. त्याच्याकडे वाकून बघायला थेंब पडायची वाट पाहू नका.

उद्या पुन्हा खांदशेकणी आहे. तुपाची वाटी माझ्याकडे वळली नाही, तर एक थेंब गाळायचं मी ठरवून ठेवलं आहे.