चार बोटं कमी

डेल स्तेहलिक हा आमच्या वेसेलीच्या शाळेचा फुटबॉल कोच, आणि माणूस इतका जपून खेळवणारा की विचारू नका. दुधानं तोंड पोळलं की लोक ताक फुंकून पितात. ह्याचं तोंड कधी पोळलंच नव्हतं, तरी फुंकायचा.

आमचा फुटबॉल अमेरिकेतला, चेंडू हातात धरून पळायचा: चार खेपांत दहा यार्ड पुढं सरकायचं, हा आमचा खेळ. तीन खेपांत जमलं नाही तर चौथ्या खेपेला एक तर धडक मारायची, नाही तर चेंडू लाथेनं लांब उडवून समोरच्यांच्या हवाली करायचा. डेल उडवायचा. एक यार्ड उरलं असलं तरी उडवायचा, वीतभर उरलं तरी उडवायचा. चार वर्षं हेच.

शनिवारी सकाळी बर्निसच्या बेकरीत आम्ही सगळे कोलाचे, म्हणजे आलुबुखारा भरलेले गोड पाव, खात डेलची सालटी काढायचो. सगळ्यात मोठा आवाज माझा, लॅडी कुदर्नाचा. "हा घरातसुद्धा छत्री उघडून झोपत असेल," मी म्हणायचो, आणि बर्निस हसताना पिठाचा हात तोंडावर धरायची. "पोरांच्या मांड्या बैलासारख्या, आणि कोचचं काळीज चिमणीएवढं," असंही मी म्हटलंय. खोटं कशाला बोलू?

बाकी सहा दिवस तोंडाचा पट्टा चालू, पण सामन्याच्या दिवशी मी मुका. एकतीस वर्षं मैदानाच्या कडेला साखळीची पुढची काठी मी धरतो. मागची काठी मिलो पेश्काकडं. दोन काठ्यांमध्ये दहा यार्डांची साखळी, आणि चेंडू पोचला की नाही ते तीच ठरवते. म्हणून काठीवाल्यानं टाळी वाजवायची नाही, ओरडायचं नाही, कोचशी एक शब्द बोलायचा नाही. माझे वडीलही हीच काठी धरायचे. माझा जन्म झाल्याचा निरोप आला तेव्हासुद्धा ते सामना संपेपर्यंत हसले नव्हते म्हणतात.

त्या शुक्रवारचा सामना बाद फेरीचा, दुपारी चारचा. शाळेच्या कमिटीनं डेलला आधीच सांगून ठेवलं होतं की हरलास तर सोमवारी तुझ्यावर मतदान. डेल राहतो ते घर शाळेचं. नोकरी गेली की घरही गेलं, आणि त्याच्या बायकोला सातवा महिना लागलेला.

मध्यंतरानंतर ओढ्याकडून धुकं आलं. कापलेल्या मक्याच्या रानावरून हळूहळू सरकत आलं आणि मैदानात बसलं. आधी पलीकडची माणसं गेली, मग गोलाचे खांब गेले, मग दिव्यांचे नुसते पिवळट डाग राहिले. पोरं त्यातून निघायची, एकमेकांवर आदळायची आणि परत त्यात विरायची. आवाजही कुठल्या कुठून यायचे. माझ्या शेजारी कुणीतरी माझ्या आईच्या आवाजात खोकलं, आणि आई जाऊन तर वीस वर्षं झाली. मला भीती वाटली नाही. उलट फार बरं वाटत होतं, झोप लागता लागता वाटतं तसं.

दोन मिनिटं उरली होती. आम्ही चार गुणांनी पुढं. चेंडू आमच्याकडं, पण आमच्याच अर्ध्यात, आणि चौथी खेप. उरलं होतं एक यार्ड. ते मिळालं तर वेळ काढून सामना खिशात. नाही मिळालं तर समोरच्यांना आमच्या अंगणातच चेंडू. उडवायची वेळ होती ती, कुणीही उडवला असता.

डेल माझ्यापासून दोन हातांवर उभा होता. धुक्यात आम्ही दोघंच. टोपी काढून तो केसांतून हात फिरवत होता, आणि मला त्याचा एकदम कळवळा आला. झोपेत बोलावं तसा मी बोललो.

"एकदा खेळ ना रे, डेल."

एकतीस वर्षांत पहिल्यांदा. त्यानं वळून पाहिलं नाही. टोपी घातली आणि पोरांना हात केला, थांबा, तिथंच थांबा, खेळायचंय.

पोरं भिडली. ढिगारा झाला. शिट्टी वाजली आणि पंचानं आम्हाला आत बोलावलं. मी आणि मिलो साखळी घेऊन धुक्यात शिरलो. मिलोनं मागची काठी टेकवली, मी पुढची. पंच वाकून चेंडूकडं बघत होता, माझ्या हाताकडं कुणीच नाही. साखळी जराशी सैल सोडली असती तर चेंडू पोचला असता. हाताला ते कळत होतं. मी ताणली. सवयीनं म्हणा, वडिलांच्या धाकानं म्हणा, पण पुरती ताणली.

चार बोटं कमी.

समोरच्यांनी तीन खेपांत चेंडू आमच्या रेषेपार नेला, सहा गुण घेतले आणि आम्ही हरलो.

शनिवारी बेकरीत नुसता शिमगा. "आपल्या अर्ध्यात कुणी धडक मारतं का?" मिलो टेबलावर बोट आपटत म्हणाला. "शाळकरी पोरानंसुद्धा उडवला असता. चार वर्षं भित्रा होता, आणि नको तेव्हा वाघ झाला." बर्निस म्हणाली, "लॅडी, तू आज गप्प कसा?" मी म्हटलं, दाढ दुखतेय.

दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. सोमवारी कमिटी बसायच्या आधी मी त्याच्या दारात गेलो. ओसरीवर रिकामी खोकी रचलेली होती, आणि तो त्यांच्या तळाला चिकटपट्टी लावत होता.

"डेल, मी त्यांना सांगणार आहे," मी म्हणालो. "तुला मी बोललो म्हणून तू खेळलास. जीभ माझी घसरली. काठी काढून घेतील माझी, घेऊ देत."

तो पट्टी दातानं तोडत होता.

"तुम्ही काही बोललात?" तो म्हणाला. "मला ऐकू नाही आलं."

"दोन हातांवर होतास तू."

"लॅडी." त्यानं खोकं खाली ठेवलं. "चार वर्षांत मी एकदाच माझ्या मनानं खेळलो. एकदाच. तेवढं तरी माझं राहू द्या."

पट्टीचं टोक धरायला तो एकटा पडत होता, म्हणून मी खाली बसलो आणि धरलं. दोघांनी मिळून सहा खोकी केली.

संध्याकाळी कमिटीत अध्यक्षांनी विचारलं, "लॅडी, तू तर अगदी शेजारी होतास. त्या वेळी तिथं काही झालं होतं का?"

अख्खं गाव माझ्याकडं बघत होतं. डेलही.

मी उभा राहिलो आणि सांगितलं की कोचनं स्वतः ठरवलं, कुणाला विचारलं नाही. मग खाली बसलो, आणि त्यांनी हात वर करून मतं मोजली.