कच्चा टाका

नगरपालिकेच्या भाषा विभागात 'कच्चा टाका' हा शब्द मास्तरांच्या दुकानातून आला होता, आणि तो तिथे नेला होता मास्तरांच्या बायकोने.

मास्तर म्हणजे शिंपी. कोट शिवण्यात हात बसलेला, पण शाळेला चौथीतच रामराम ठोकलेला. बायको मात्र शिकलेली, परक्या भाषा माहेरच्या असल्यासारख्या बोलणारी. त्या शहरात पाच भाषांची माणसं राहत. मूळची तिथली, बंदरावर कामाला आलेली, डोंगरापलीकडून उतरलेली, शिवाय आणखी दोन. नगरपालिकेची प्रत्येक नोटीस पाचही भाषांत निघायला हवी असा नियम होता, आणि ती काढणं हे तिचं काम.

एकदा ती कचऱ्याची नोटीस घरी घेऊन आली. मास्तर मशीनवर होते. तिने वाचून दाखवली आणि विचारलं, "समजलं?"

"समजलं की."

"मग उद्या सकाळी काय करणार?"

"काय करणार? डबा दाराबाहेर ठेवणार. गाडी येऊन घेऊन जाईल."

गाडी यापुढे दारात येणार नाही, हे सांगायलाच तर ती नोटीस होती. बायको पोट धरून हसली. मग तिची नजर मशीनवरच्या कोटावर गेली.

"अहो, तुम्ही कोट आधी कच्च्या टाक्यावर गिऱ्हाइकाच्या अंगावर का घालून बघता?"

"बसतो का ते कळायला. मापं बरोबर घेतली म्हणून कोट बसतोच असं नाही."

"आणि नाही बसला तर?"

"कोट उसवायचा. गिऱ्हाईक थोडंच उसवता येतं?"

दुसऱ्या दिवसापासून तिने ऑफिसात तेच सुरू केलं. नोटीस पाच भाषांत तयार झाली की ती खालच्या हॉलमध्ये यायची. तिथे भिंतीला लागून एक लांब बाक होता, त्यावर कामासाठी आलेली माणसं ताटकळत बसलेली असत. त्यातल्या एकेकाला त्याच्या भाषेत नोटीस वाचून दाखवायची. 'समजलं का' असं विचारायचं नाही, कारण तसं विचारलं की माणूस भिडेखातर हो म्हणतो. विचारायचं ते एवढंच, की आता घरी जाऊन काय करणार. उत्तर जुळलं तर पक्की शिलाई. नाही जुळलं तर उसवायचं. हाताखालच्यांना ती सांगायची, "बाकावरचं माणूस चुकत नाही. चुकतो तो आपला कागद."

गेल्या हिवाळ्यात ती गेली. तापाचं निमित्त झालं. तिच्या खुर्चीवर आता मास्तरांची सून बसत होती. ती टायपिस्ट म्हणून तिथे लागली आणि सासूच्या हाताखाली तयार झाली. ऑफिसात थट्टा चालायची की सासू-सून एका चुलीवर नांदत नाहीत म्हणतात, या दोघी एका टेबलावर नांदल्या.

आणि आज सकाळी सून चहा पिताना म्हणाली, "बाबा, नवे साहेब कच्चा टाका बंद करतायत. आजच्या नोटिशीपासूनच."

बायकोच्या साड्या बहिणींनी नेल्या होत्या. चष्मा कपाटात होता. पण घराबाहेर, चारचौघांत तिचं चालतं-फिरतं असं काही उरलं असेल तर ते त्या बाकावर होतं. तेही आता आटोपणार. चहाला साय धरली तरी त्यांनी कप उचलला नाही.

सून निघून गेल्यावर पाहतात तर तिचा डबा ओट्यावर. विसरली की मुद्दाम ठेवून गेली, देव जाणे. मास्तरांनी पायात चपला घातल्या.

हॉलमध्ये ते पोचले तेव्हा सून आणि साहेब बाकासमोरच उभे होते. साहेब तरुण, भला माणूस, पण घाईत. पाण्याच्या मोठ्या टाकीला आतून नवा लेप दिला होता, आणि तो वाळायच्या आत कोणीतरी पाणी सोडलं होतं. लेपातलं औषध पाण्यात उतरलं होतं. तपासणी होईपर्यंत शहराने ते पाणी पिता कामा नये. नोटीस साहेबांनी स्वतः लिहिली होती.

"कॉम्प्युटरने एका मिनिटात चार भाषा काढल्या. तुम्ही त्या तपासल्या. चूक आहे का कुठे?"

"नाही साहेब. भाषांतर चोख आहे."

"मग अडलंय कुठे?"

"अजून कोणाच्या अंगावर घालून बघितलं नाही," सून म्हणाली. "टाकीतलं पाणी शहरभर पोचायला अजून वेळ आहे. जरा थांबा. मग बंद करा हवं तर."

साहेबांनी हात झटकला, पण ते थांबले. मास्तर डबा मांडीवर घेऊन बाकाच्या टोकाला बसले. शेजारी एक इस्त्रीवाली बसली होती, डोंगरापलीकडची. दुकानाच्या परवान्यासाठी आली होती. सुनेने तिला तिच्या भाषेत नोटीस वाचून दाखवली आणि नेहमीचा प्रश्न विचारला. बाई ठसक्यात काहीतरी बोलली.

"काय म्हणते?" साहेबांनी विचारलं.

"म्हणते, नळाचं पाणी अजिबात पिणार नाही. चांगलं दोनदा उकळूनच पिईन."

साहेबांच्या कपाळाला आठी पडली. हे पाणी उकळून उपयोग नव्हता. उलट पाणी आटून औषध जास्तच घट्ट व्हायचं. "म्हणजे त्या भाषेत काहीतरी गडबड आहे."

"नाही. तुम्ही लिहिलंय तेच आहे. 'पुढील सूचना मिळेपर्यंत नळाचे पाणी पिऊ नये.'" सून वळली. "बाबा, तुम्ही ऐका." आणि तिने साहेबांची मूळ नोटीस सावकाश वाचली. "आता घरी जाऊन काय करणार?"

मास्तर डबा घट्ट धरून सावरून बसले. इतक्या वर्षांत त्यांनी बायकोसमोर शंभरदा चुकीचं उत्तर दिलं असेल, पण आज बरोबर द्यायचं होतं. आज तिच्या मानाचा प्रश्न होता. त्यांनी मनातल्या मनात शब्द जुळवले. पाणी प्यायचं नाही. बरं. पण घरात प्यायला तर लागणारच. मागच्या पुरानंतर सगळ्यांनी केलं होतं तेच...

"उकळून घेणार," ते म्हणाले. मनात आलं तेच तोंडातून गेलं.

सुनेचं तोंड पाहूनच त्यांना कळलं की चुकलं. मान खाली गेली.

"मास्तरांचं सोडा हो," साहेब म्हणाले. "वयस्कर माणूस. शिकलेल्या माणसाला बरोबर कळेल."

"मग शिकलेल्या माणसाला विचारू," सून म्हणाली. "घरी पाठवलीत ना नोटीस?"

"सकाळीच. आमची ही कॉलेजात शिकवते." साहेबांनी फोन लावला. हॉलमध्ये गलका होता म्हणून आवाज मोठा केला. "नोटीस वाचलीस ना? पाण्याचं काय केलंस?"

"वाचली. दोन मोठी पातेली चढवलीत गॅसवर," फोनमधून खणखणीत आवाज आला. "आणि शेजारणीलाही सांगितलं उकळायला. का हो?"

बाकावर कोणीतरी खुदकन हसलं. शिपायाने छताकडे पाहिलं.

"गॅस बंद कर," साहेब म्हणाले. "ओतून दे ते. शेजारणीलाही सांग." फोन खिशात टाकून ते बाकावरच बसले, मास्तर आणि इस्त्रीवालीच्या मध्ये. मग म्हणाले, "भाषांतर चोख होतं म्हणता."

"चोखच होतं. मुळातच कोट बसत नव्हता. तो पाच ठिकाणी तसाच शिवला असता."

साहेबांनी पेन काढलं. 'उकळूनही पिऊ नका. पिण्याचे पाणी चौकातल्या टँकरवर मिळेल. भांडे घेऊन या.' सुनेने ते उरलेल्या चार भाषांत उतरवलं आणि पुन्हा बाकावर वाचलं. इस्त्रीवाली उठून उभी राहिली. परवाना राहिला बाजूला, ती म्हणाली, आधी हंडा घेऊन चौकात जाते.

"आणि तुम्ही, बाबा?"

"मी तिच्या मागे," मास्तर म्हणाले.

पण साहेबांनी त्यांना थांबवलं. "मास्तर, ही पद्धत काढली कोणी?"

"माझ्या मंडळींनी," मास्तर म्हणाले. "शब्द माझा होता. डोकं तिचं."

"ती ऑफिसच्या नियमात कुठेच लिहिलेली नाही."

"तिने लिहिली नाही. रोज केली."

साहेबांनी सुनेकडे पाहिलं. "आता लिहा. कच्चा टाका झाल्याशिवाय एकही नोटीस बाहेर जाणार नाही. आणि हा नियमसुद्धा पाचही भाषांत लावा."

"कच्चा टाका कसा सांगायचा त्या भाषांत?" सून हसली. "शब्द शोधावे लागतील."

इस्त्रीवाली दारापर्यंत गेली होती, ती वळली. कपडे हाताळण्यात जन्म गेलेला, 'कच्चा टाका' हे दोन शब्द तिला कळले होते. तिने अंगठा आणि तर्जनी जुळवून हवेत लांब लांब टाके घातले आणि तिच्या भाषेतला शब्द सांगितला. बाकावरच्या बंदरवाल्याने त्यांचा सांगितला. शिंपी कुठे नसतात?

सून एकेक शब्द लिहून घेत होती. मास्तरांनी डबा तिच्या टेबलावर, सासू ठेवायची त्याच जागी ठेवला आणि ते पाठ ताठ करून हंडा आणायला घराकडे निघाले. वाटेत शिपाई खांबावर नोटीस चिकटवत होता. मास्तरांनी ओली कड बोटाने दाबून नीट बसवली, दोन पावलं मागे सरले, आणि अंगावर बरोबर बसलेल्या कोटाकडे बघावं तसं तिच्याकडे बघत उभे राहिले.