बाजूची सीट

बापूजींचं उभं आयुष्य मोटार चालवण्यात गेलं, पण मोटारीत बाजूच्या सीटवर ते कधी बसले नव्हते. ती सीट मालकाची. चांदा जिल्ह्यात मूल गावाजवळच्या एका मालगुजाराने, म्हणजे जमीनदाराने, इंग्रजांच्या राज्यात कलकत्त्याहून एक लाल टू-सीटर मागवली होती. लांब नाकाची, जमिनीला पोट टेकवून चालल्यासारखी दिसणारी, शर्यतीसाठी घडवलेली. पण धानाच्या बांध्यांमधल्या रस्त्यांवर तिला दुडक्या चालीशिवाय दुसरी चाल कधी मिळाली नाही. मालगुजारी गेली तसा मालक नागपूरला राहायला गेला आणि गोदामात पोत्यांच्या आड पडलेली मोटार जुन्या ड्रायव्हरला देऊन गेला. बापूजींनी ती बैल जुंपून घरी आणली. त्यांच्या बायकोने, भागीरथाबाईंनी, सून आल्यासारखं तिच्या चाकांवर पाणी घातलं. मग पुढची काही वर्षं ती अंगणातल्या मांडवाखाली कोंबड्यांच्या उपयोगी पडली.

मग एका साली दिवाळीनंतर बापूजींच्या पायांवर सूज आली. चांद्याच्या डॉक्टरने गुणवंतला बाजूला घेऊन सांगितलं की हृदय थकलं आहे. पुढचा उन्हाळा निघाला तरी पुष्कळ. गुणवंत त्यांचा एकुलता एक. नागपूरहून बी.एस्सी. होऊन तो गावच्या शाळेत शास्त्र शिकवत होता. दिसेल ती वस्तू उघडून पाहायची त्याला लहानपणापासून खोड. पण ही वस्तू काही उघडून दुरुस्त होणारी नव्हती.

"बाबा, मनात काही असन तं सांगा," परतल्यावर तो म्हणाला.

"मनात काय राहते." बापूजींनी मांडवाखालच्या मोटारीकडे पाहिलं. "त्या बाजूच्या सीटवर एकदा बसून पाहीन म्हणतो. मालक तिथी बसून डोळे मिटून घे. मी इकडे बैल चुकवू का खड्डा चुकवू. तिथून काय दिसते, मले मालूमच नाई. तू चालवजो."

"चालवतो न."

"पण हळू नाई. धावाले बनवली तं धावली पायजे. नाईतं आपली बैलबंडी काय वाईट आहे?"

अंगणात कारखाना सुरू झाला. बापूजींची खाट मांडवाच्या खांबाला लावली आणि तिथून ते हुकूम सोडू लागले. गुणवंतने इंजिन सुटं केलं. नागपुरात लष्कराच्या भंगारातून कार्बोरेटर आणला, एका मोडक्या जीपच्या कमानपाट्यांमधून दोन पाटे काढून मोटारीच्या मागच्या बाजूला चढवले. बापूजींना पाय फार उचलता येत नव्हता, म्हणून डावं दार खालपर्यंत कापलं आणि उंदरांनी खाल्लेल्या गादीच्या जागी खाटेची नवार विणून घेतली. मग इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, जाड काचेवर एमरीची पेस्ट लावून घासायला बसला. हेड पातळ झालं की आतली जागा कमी होते, मिश्रण जास्त दाबलं जातं आणि जोर वाढतो, असा हिशेब.

"शाळेत पोरायले घास, घरी लोखंडाले घास," भागीरथाबाई म्हणाल्या. "एखादी पोरगी पाहून आलो तं तिलेही घासत बसशीन."

जोर वाढला, पण नवी अडचण आली. वाढलेल्या दाबाने पेट्रोल वेळेआधीच भडकू लागलं. इंजिन आतून कोणी हातोडी मारावी तसं टकटकू लागलं. शर्यतीच्या मोटारी स्पिरिटवर पळतात आणि स्पिरिट असं अवेळी भडकत नाही, हे गुणवंतला ठाऊक होतं. आता स्पिरिट कुठून आणायचं, हा प्रश्न चांदा जिल्ह्यात सहसा कोणाला पडत नाही. गावाबाहेर जंगलाच्या कडेला सोमारी नावाची बाई मोहाची दारू काढायची.

"एवढी पिणार कोण, मास्तर?" तिने विचारलं.

"गाडी."

"मंग गाडीले इचारा, चकण्याले काय लागते."

गुणवंतने ती दारू घरी पुन्हा दोनदा गाळली आणि उरलेलं पाणी कळीच्या चुन्यावर शोषून घेतलं. कार्बोरेटरचं भोक थोडं मोठं केलं. मग खांबाला बाटली टांगून, रबरी नळीने स्पिरिट थेट कार्बोरेटरला दिलं. टकटक गेली. इंजिन एकसूर घुमू लागलं आणि अंगणभर गोडसर वास पसरला.

"वरातीचा वास येऊन राह्यला गा," बापूजी डोळे मिटून म्हणाले.

मोटारीच्या नाकापासून शेपटीपर्यंत गुणवंतचा हात फिरला होता. राहिली होती ती टाकी. ती काढून धुवावी म्हणून त्याने पाना लावला, तसे बापूजी खाटेवर उठून बसले.

"टाकीले हात नोको लावू."

"नुसती धुतो, बाबा."

"नोको म्हणलं न. ते मीच दुरुस्त केली आहे."

गुणवंतला हसू आलं. म्हाताऱ्याचं हातकाम, त्याचा मान राखायला हवा. त्याने पाना खाली ठेवला, जुनं पेट्रोल काढून घेतलं आणि टाकी स्पिरिटने भरली. तेव्हा भागीरथाबाई चुलीपाशी बसून गळक्या घागरीला लाख लावत होत्या. झाडीपट्टीत घागर गळो की कुऱ्हाडीचा दांडा हलो, पळसावरची लाख वितळवून ओतली की झालं. तो वासही अंगणात होता. गुणवंतच्या नाकाला तो इतका रोजचा की त्याकडे त्याचं लक्षच गेलं नाही.

एक दिवस सोडून, संक्रांतीनंतरच्या सकाळी ते निघाले. भागीरथाबाईंनी मोटारीच्या नाकाला कुंकू लावलं, नारळ फोडला. बापूजी धुतलेलं धोतर नेसून, काळी टोपी घालून डाव्या सीटवर बसले. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना. शेवटी त्यांनी ते मांडीवर ठेवले.

चांद्याच्या रस्त्याला सागाचं जंगल लागतं आणि पुढे एका ठिकाणी रस्ता सुतासारखा सरळ होतो. गुणवंतने तोच पट्टा मनात धरला होता. तिथवर त्याने मोटार आवरून चालवली. वळण संपलं, सरळ रस्ता समोर उलगडला.

"आता, बाबा," तो म्हणाला आणि पाय दाबला.

मोटार पुढे झेपावली, खोकली, पुन्हा खोकली आणि गप्प झाली. थोडं अंतर ती आपल्याच वेगाने घरंगळली. मग सागाची वाळकी पानं चाकांखाली वाजायची थांबली.

गुणवंतने कार्बोरेटरची वाटी उघडली. आत चहाच्या रंगाचं, बोटाला चिकटणारं काहीतरी होतं. जाळी त्याच चिकट्याने बुजली होती. त्याने बोट वाऱ्यावर धरलं. स्पिरिट उडालं आणि बोटावर चकचकीत पापुद्रा राहिला. कॉलेजात प्रयोगशाळेच्या टेबलांना पॉलिश कसं करतात ते त्याने पाहिलं होतं. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. पेट्रोलमध्ये विरघळत नाही. त्याने वाकून टाकीखाली पाहिलं. बापूजींनी लाखेने बुजवलेल्या सांध्यातून थेंब पडत होते.

सारं तपासलं होतं, पण बाटलीतून. टाकीतून नाही.

"काय झालं गा?" बापूजींनी विचारलं. आणि लगेच, "टाकी तं नाई न?"

गुणवंत टाकीच्या आडून उठला. बापाच्या चेहऱ्यावर त्याला त्या हातकामाचा अभिमान दिसला, की निदान तसं वाटलं.

"टाकी पक्की आहे, बाबा. कार्बोरेटरमधे माह्याच हातून कचरा राह्यला."

बापूजींनी श्वास सोडला. "मी तं म्हणतच होतो, पोरगा घाई करते."

धान घेऊन जाणाऱ्या एका बंडीवाल्याने बैल सोडून मोटारीला जुंपले. बापूजी उतरायला तयार झाले नाहीत. गुणवंत स्टिअरिंग धरून बसला आणि मोटार बैलांच्या चालीने घराकडे निघाली.

"काय दिसलं मंग तिथून?" गुणवंतने विचारलं.

"ड्रायव्हर दिसते," बापूजी म्हणाले. "चांगला चालवतं तू. पण धावली नाई गा."

काम फार नव्हतं. टाकी उतरवायची, उरलेली लाख धुऊन काढायची, सांध्याला कथलाचा डाग द्यायचा. पण बापूजींची खाट मांडवाच्या खांबालाच होती. त्यांच्या डोळ्यांदेखत टाकी उतरवली असती तर त्यांचंच काम थेंब थेंब गळताना त्यांना दिसलं असतं. एवढ्या आजारात एवढंही त्यांच्याकडून का काढून घ्यायचं? गुणवंतने सांगितलं की नागपूरहून पार्ट यायचा आहे. मग त्याने बाजारातल्या पत्रू कथलकऱ्याला तशीच नवी टाकी बनवायला सांगितली, कोणाला न कळू देता. बापूजींना गाढ झोप लागली की बदलून टाकू. पत्रू दोन आठवडी बाजारांना आलाच नाही, आला तर पत्रा कमी पडला.

"पार्ट आला?" गुणवंत शाळेतून परतला की बापूजी विचारायचे.

"येऊन राह्यला, बाबा."

"नागपूरवरून पायी येते का काय?"

पुढे पुढे ते नुसती मान उचलून पाहायचे आणि गुणवंत नुसती मान हलवायचा. मोहाची फुलं गळायला लागली तेव्हा एका दुपारी बापूजी गेले. टाकी तयार झाली होती; पत्रूकडून आणायची राहिली होती.

तेरवी झाल्यावर गुणवंतने भर अंगणात जुनी टाकी उतरवली. आता लपवायचं कोणापासून? सांध्याच्या खाली, तळाशी उरलेलं लालसर स्पिरिट घमेल्यात ओतलं.

"हे काय?" भागीरथाबाईंनी विचारलं.

त्याने सांगितलं. लाख, स्पिरिट, रस्त्यावरचं ते बोट, सगळं.

"म्हणून तू पार्ट-पार्ट करत होता?" त्या खाली बसल्या. "अरे, लढाईच्या दिवसात टाकी गळली. मालकाले चांद्याले जायची घाई. डाग द्याले माणूस भेटला नाई. माह्या चुलीवर लाख वितळवली यायनं. म्हणत, चांद्यापर्यंत टिकली तरी बस. मंग ते टिकतच गेली. दरसाल म्हणत, अजून पकडल्या गेलो नाई, आन् हसत."

"मंग मले हात काऊन नाई लावू देला?"

"शरमले असन. तू एवढा शिकलेला, आन् टाकीत लाख."

गुणवंतने घमेलं जवळ ओढलं. 'टाकी तं नाई न' हे रस्त्यावर त्यांनी कोणत्या आवाजात विचारलं होतं, ते तो आठवत होता. आता तो आवाज वेगळाच ऐकू येत होता.

"सांगितलं असतं तं?"

"हसले असते न," भागीरथाबाई म्हणाल्या. "खाटेवरून पडेपर्यंत हसले असते. आन् म्हणले असते, लाव डाग आन् चल."

तो उठला आणि घमेल्यात तांब्याभर पाणी ओतलं. पाणी मिसळलं की स्पिरिट लाख सोडून देतं. घमेलं दुधासारखं पांढुरलं, मग हळूहळू तळाशी चिकट गोळा जमला. भागीरथाबाईंनी तो काढला, तळहातावर दाबून पाहिला.

"चांगली आहे अजून," त्या म्हणाल्या आणि पदराआड धरून घरात घेऊन गेल्या.

गुणवंत कापलेल्या दाराने आत शिरला आणि नवारीच्या सीटवर बसला. उजवीकडे स्टिअरिंग होतं. त्या स्टिअरिंगमागे कोणी नव्हतं.